सत्तावीस नंबरची पुरवणी

चित्रकलेच्या सरांना सगळी शाळा पाठीमागे ‘घार’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. चित्रकला शिकवून जे नाव मिळालं नाही ते परीक्षेच्या वर्गात नुसतं उभं राहून मिळालं, तर कोण नको म्हणेल? एकतीस वर्षं त्यांनी पर्यवेक्षण केलं होतं. शाळेच्या परीक्षा, बोर्डाच्या, विद्यापीठाच्या. जिथे म्हणून बाकावर नंबर चिकटवून माणसं बसवतात तिथे सरांना बोलावणं यायचं. कारणही सरळ होतं. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाचा शिक्षक वर्गावर ठेवायचा नाही असा नियम आहे. चित्रकलेचा मास्तर कुठल्याही पेपरला चालतो, कारण त्याला दुसरं काही येत नसणार याबद्दल सगळ्यांची खात्री असते.

स्टाफरूममधल्या कपाटाच्या खालच्या खणात सरांनी आजवर पकडलेल्या कॉप्यांचा संग्रह होता. पेनाच्या टोपणात पंख्यासारख्या दुमडून घातलेल्या, पट्टीच्या पाठीवर टाचणीनं कोरलेल्या, हाताच्या बँडेजखाली गुंडाळलेल्या. एक तर पाण्याच्या बाटलीच्या लेबलाला आतल्या बाजूनं चिकटवलेली होती. तिच्यात आगपेटीएवढ्या कागदावर अख्खा धडा मावला होता. सर ती भिंगाखाली धरून नव्या शिक्षकांना दाखवायचे आणि म्हणायचे, “एवढं बारीक लिहायची चिकाटी होती, तर अभ्यास करायला काय धाड भरली होती?”

आता एवढ्या कॉप्या पकडल्या म्हणजे सर मुलांचे खिसे चाचपत फिरत असतील असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. सर फक्त हात बघायचे. उतरवणाऱ्याचा हात तीन शब्द लिहितो आणि थांबतो, पुन्हा तीन शब्द लिहितो आणि थांबतो. पाठ करून आलेल्याचा हात भरधाव सुटतो आणि एकदा अडला की मेला तरी हलत नाही. चित्रातही हेच असतं, गिरवलेली रेघ कापते. दाराशी उभं राहून तीस हात नुसते डोळ्यांखालून घातले की कोणाच्या बाकाखाली पुस्तक आहे ते सरांना कळायचं. मग ते जायचे आणि त्या उमेदवाराच्या मागे जाऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत. दोन मिनिटांत कॉपी आपणहून खाली पडायची. “चोर नसेल त्याला घाबरायचं काय कारण?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

अशा माणसाची एक चोरवाट होती, हे कोणाला सांगून पटलं नसतं. उमेदवाराला जादा कागद लागला तर पुरवणी द्यायची, आणि देताना त्याच्यासमोर तिच्यावर सही-तारीख करायची, असा नियम. सरांना तो नियम मनापासून नावडायचा. सही करायला मान खाली घातली की तेवढा वेळ वर्ग मोकळा सुटतो. म्हणून सर आदल्या संध्याकाळी शाळेतून निघण्यापूर्वी पुरवण्यांच्या गठ्ठ्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख घालून सह्या करून टाकायचे. मग वर्गात नुसती पुरवणी पुढे करायची, नजर हलवायचं काम नाही. बावीस वर्षं हे चाललं होतं. उरलेल्या पुरवण्या त्याच संध्याकाळी रेघ मारून रद्द करायच्या, हे ते कधी विसरले नव्हते. एकदा विसरले.

त्या वर्षी विद्यापीठाच्या गणिताच्या शेवटच्या पेपरला सरांच्या ब्लॉकमध्ये तीस उमेदवार होते, सगळे बाहेरून बसलेले. ही मंडळी दिवसभर नोकरी करून, घरचं उरकून पदवीच्या मागे लागलेली असतात. अर्धे लोक दुसऱ्या तासाच्या घंटेलाच पेपर देऊन निघून जातात, त्यामुळे पुरवण्यांचा गठ्ठा निम्मासुद्धा संपत नाही. खिडकीकडच्या रांगेत सत्तावीस नंबरला एक बाई होत्या. चाळिशी उलटलेली, कपडे धुऊन धुऊन विटलेले, पण इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं. ओळखपत्र म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या धुलाई विभागाचं कार्ड पुढे केलं. त्या तिथे चादरी इस्त्री करायच्या. हॉल तिकिटावर तांबडा शिक्का होता: जुना अभ्यासक्रम, अंतिम संधी. म्हणजे हा पेपर गेला की आधीची सगळी वर्षंही गेली.

पहिले दोन तास काही विशेष झालं नाही. बाई मान खाली घालून लिहीत होत्या, पुरवणीवर पुरवणी घेत होत्या, बाकीचे छताकडे बघत होते. मग सत्तावीस नंबरचा हात थांबला.

शेवटचा प्रश्न उरला होता, सगळ्यात जास्त गुणांचा आणि सहसा कोणी ज्याच्या वाटेला जात नाही असा. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. एक मिनिट झालं, पाच झाली, दहा झाली. त्यांचा डावा तळवा बाकावरून हळूहळू फिरायला लागला, मधून कडेकडे, पुन्हा मधून कडेकडे. घारीचे कान उभे राहिले. खूण असेल. भिंतीवर काही लिहिलं असेल. सर भिंतीपाशी जाऊन आले. तिथे चुन्याशिवाय काही नव्हतं. खिडकीबाहेर पाहिलं, बाहेर कोणी नव्हतं. मग ते सत्तावीस नंबरपाशी आले.

“हात दाखवा.”

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर इस्त्रीचे जुने चटके होते, तळव्याला घट्टे होते, आणि अक्षर म्हणाल तर एकही नव्हतं. सरांनी बाकाखाली पाहिलं, तेही स्वच्छ. “चालू द्या,” ते म्हणाले, पण पुढे गेले नाहीत. सवयीप्रमाणे मागे जाऊन उभे राहिले.

बाईंनी पेन्सिल उचलली आणि पुरवणीच्या मधोमध एक वक्र काढला.

सर पाहतच राहिले. त्यांनी हजारो मुलांना वक्र काढायला शिकवलं होतं आणि हजारोंचे वक्र वळणावर मोडताना पाहिले होते. हा एका दमात निघाला, वळणाला जराही कचरला नाही, आणि जिथे संपायला हवा तिथे संपला. मग त्याला टेकून दोन रेघा आल्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही, तळवा तेवढा बाकावर फिरत राहिला. आणि मग बाईंनी तिसरी रेघ काढली. लांब, तिरपी, आकृतीच्या बाहेर पडून थेट कागदाच्या कडेला गेलेली.

ती रेघ तिथे का आली हे सरांना कळणं शक्य नव्हतं. त्यांचं आणि गणिताचं शाळेतच फाटलं होतं. पण ती आल्याबरोबर सबंध आकृती जागेवर बसली, एवढं त्यांना दिसलं. इतका वेळ ती नुसती कागदावर होती, आता ती उभी राहिली. असं होताना सरांनी आयुष्यात तीन-चारदाच पाहिलं होतं, आणि त्यातलं एकदाही स्वतःच्या चित्रात नव्हतं. दहा वाजता चहा पिऊन कामाला लागलेला धडधाकट माणूस, भर वर्गात त्याचे डोळे भरून आले.

बाईंनी तिसरी रेघ लगेच खोडरबरानं पुसली, कण फुंकून टाकले आणि लिहायला घेतलं. काय तो हात! थांबायचा, पण जिथे उतरवणारे थांबतात तिथे नाही. ओळीच्या मध्येच, एखाद्या चिन्हाच्या आधी, अंधारात पायरी चाचपावी तसा थांबायचा. पायरी लागली की चार ओळी धावत जायचा. पुन्हा थांबायचा. त्या हाताला पुढे काय आहे ते माहीत नव्हतं आणि तरी तो तिथेच चालला होता. सरांनी जन्मभर लोकांना लिहिताना पाहिलं होतं. विचार डोक्यातून निघून कागदावर उतरताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि आपण काहीतरी फार मोठं बघतोय, ते बघायला इथे दुसरं कोणीही नाही, या जाणिवेनं ते जागचे हलेनात. बाईंनी मागे न बघता हात वर केला, सरांनी पुरवणी दिली. पुन्हा हात वर झाला, पुन्हा दिली. गठ्ठ्याच्या तळाशी आजवर कधी कोणी पोहोचलं नव्हतं. त्या दिवशी सत्तावीस नंबर पोहोचल्या.

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं तेव्हा सर भानावर आले. वर पाहिलं तर शेवटच्या रांगेतली दोन डोकी घाईघाईनं एकमेकांपासून लांब होत होती. घड्याळात वीस मिनिटं उडाली होती. त्या दोघांनी काय केलं, बाकीच्यांनी काय केलं, घारीला काहीएक दिसलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय प्रकरण करायचं नाही हाही त्यांचाच नियम, तेव्हा करायला काही उरलं नव्हतं. घंटा झाली, बाईंनी पुरवण्या दोऱ्यानं बांधल्या, पेपर दिला आणि ड्युटी गाठायला पळत सुटल्या.

घरी आल्यावर सरांनी पेन्सिल घेतली आणि आठवणीतून ती आकृती काढली. जमली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. आठवड्याभरात टेलिफोनच्या वहीत, वर्तमानपत्राच्या समासात, वाणसामानाच्या यादीमागे, जिथे बघावं तिथे तोच वक्र, त्या दोन रेघा आणि कडेला जाणारी तिसरी.

“अहो, मी विचारते आता,” बायको शेवटी म्हणाली, “तुमच्या डोक्यात बसलंय तरी कोण?”

“सत्तावीस नंबर.”

“कोण सत्तावीस नंबर?”

“नाव नाही माहीत. रुग्णालयात इस्त्री करतात.”

बायकोनं त्यांच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. “निवृत्तीला चार महिने राहिलेत,” ती म्हणाली. “लोकांना असलं काय ते याआधीच सुचतं.” पण त्या दिवसापासून ती यादीचा कागद फेकायच्या आधी उलटा करून बघायला लागली.

सहा आठवड्यांनी केंद्रप्रमुखांनी सरांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. हे म्हणजे शाळेचेच मुख्याध्यापक, परीक्षेपुरते केंद्रप्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त कुठलंही झंगट मागे लागू नये एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. टेबलावर विद्यापीठाच्या चौकशी समितीचं पत्र होतं. बैठक क्रमांक सत्तावीस: शेवटच्या दोन पुरवण्यांवर पर्यवेक्षकाची सही आहे, पण तारीख आदल्या दिवसाची. आदल्या दिवशी इतिहासाचा पेपर होता आणि या उमेदवाराचा इतिहास नाही. त्या पुरवण्यांवरची पद्धत कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि महत्त्वाच्या पायरीपर्यंत उमेदवार कसा पोहोचला याचा काही मागमूस नाही. सबब, सही केलेल्या कोऱ्या पुरवण्या केंद्राबाहेर गेल्या, जाणकार व्यक्तीकडून लिहून घेतल्या गेल्या आणि पेपरला जोडल्या गेल्या, असा संशय.

सरांना एका क्षणात सगळं कळलं. इतिहासाच्या दिवशी उरलेल्या पुरवण्या रद्द करायच्या राहून गेल्या होत्या, आणि त्यांच्याच हातांनी दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्याखाली सरकल्या होत्या. एकतीस वर्षांत पकडायला मिळालेला सगळ्यात मोठा गुन्हेगार, आणि आपलेच दात, आपलेच ओठ.

“सर, हे बघा,” केंद्रप्रमुख म्हणाले. “गठ्ठ्यातून कोणी पुरवण्या काढल्या असतील तर मला कल्पना नाही, एवढं एक वाक्य बोला आणि मोकळे व्हा. तुमचं आजवरचं नाव आहे, कोणी जास्त विचारणार नाही.”

“आणि त्या बाई?”

“त्यांना तीन वर्षं बंदी.”

“तो अभ्यासक्रम बंद होतोय. म्हणजे कायमचंच.”

“आता त्याला आपण काय करणार? आपण काय त्यांना गणित शिकवलं होतं?”

सर संध्याकाळी घरी आले ते तोंड एवढंसं करून. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “खोटं बोलता येतं का तुम्हाला? परवा आमटी खारट झाली होती, छान झाली म्हणताना तुमचे कान लाल झाले होते. समिती काय आंधळी आहे?”

“अगं, पण एकतीस वर्षांचं नाव जाईल.”

“जाऊ दे की. घार म्हणजे काय मोठी पदवी आहे का?” ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, “त्यांनी खरंच तिथे बसून लिहिलं ना?”

“मी पाहिलंय,” सर म्हणाले. “माझ्याशिवाय कोणीच पाहिलेलं नाही.”

“झालं तर मग.”

समिती विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसली होती. बाहेरच्या बाकावर सत्तावीस नंबरच्या बाई सकाळपासून येऊन थांबल्या होत्या. सर दिसल्यावर त्या उभ्या राहिल्या, आणि सरांना त्यांच्याकडे बघवेना. आधी सरांनाच आत बोलावलं. मध्ये अध्यक्षबाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला टिपणं घेणारे अधिकारी, दुसऱ्या बाजूला गणिताचे एक म्हातारे प्राध्यापक. पेपर तपासणारे आणि संशय घेणारे तेच होते. खोलीत एक फळाही होता.

“या दोन पुरवण्यांवरची सही तुमची?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“माझीच. पुढच्या दिवसाची तारीख घालून सह्या मी आदल्या संध्याकाळीच करून ठेवतो. इतिहासाच्या दिवशी उरलेल्या पुरवण्या चुकून नव्या गठ्ठ्यात गेल्या. त्या मी वर्गात, पेपर चालू असताना, या उमेदवाराला दिल्या.”

“सही उमेदवारासमोर करायची असते. नियम ठाऊक आहे?”

“नव्या पर्यवेक्षकांना तो मीच शिकवतो.”

अधिकाऱ्यांनी खाली बघून हसू लपवलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. “तुम्ही वर्गात दिल्यात याला पुरावा?”

“नोंदवही जुळते.”

“तीही तुमच्याच हातची.”

“हो.”

“म्हणजे पुरावा नाही.”

सरांनी टेबलावरच्या पेपराकडे बोट केलं. “मी पाहिलं त्यांना लिहिताना,” ते म्हणाले. “पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.”

“तीस उमेदवार होते तुमच्याकडे. एकाच्या मागे एवढा वेळ उभं राहिल्यावर बाकीच्यांचं काय?”

हा प्रश्न येणार हे सरांना ठाऊक होतं. तारखेची चूक त्यापुढे काहीच नव्हती. “वर्गात उरलेल्या बाकीच्यांनी त्या वीस मिनिटांत काय केलं, मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी बघितलंच नाही. मागच्या बाकावर कॉपी झाली असावी.”

टिपणं घेणाऱ्यांचा हात थांबला. म्हातारे प्राध्यापक इतका वेळ डोळे मिटून बसले होते, त्यांनी ते उघडले. “का बघत होतात एवढं?” त्यांनी विचारलं. “तुम्हाला गणित येतं?”

“नाही, साहेब. मी चित्रकला शिकवतो.” सर घुटमळले. “सांगता येत नाही. काढून दाखवू का?”

कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी खडू उचलला होता. वक्र त्यांनी एका दमात काढला, सहा आठवड्यांच्या सरावानंतर कुठे तो तसा यायला लागला होता. मग दोन रेघा काढल्या. “इथे त्या बराच वेळ थांबल्या,” ते म्हणाले, “भिंतीकडे बघत. आणि मग ही.” तिसरी रेघ आकृतीच्या बाहेर पडून फळ्याच्या चौकटीला जाऊन टेकली.

प्राध्यापकांनी टेबलावरच्या पेपरातली आकृतीची पुरवणी समोर ओढली. ही योग्य तारखेची होती, तिच्याबद्दल काही वाद नव्हता. “ही तिसरी रेघ इथे नाही,” ते म्हणाले.

“त्यांनी पुसली. काढली आणि पुसली. मग लिहायला लागल्या.”

प्राध्यापक उठले. पुरवणी घेऊन खिडकीपाशी गेले, कागद उजेडात तिरपा धरला, चष्मा कपाळावर सरकवून जवळ नेला. मग ते फळ्याकडे बघायला लागले, मग पुन्हा कागदाकडे, मग पुन्हा फळ्याकडे, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. सरांनी तो चेहरा ओळखला. त्या वर्गात आरसा असता तर त्यांचा स्वतःचा असाच दिसला असता.

“आहे,” म्हातारे म्हणाले. आवाज पार उतरला होता. “पेन्सिलीचा दाब उमटलाय.” ते खुर्चीत येऊन बसले आणि फळ्यावरची नजर न काढता बोलायला लागले. “चाळीस वर्षं मी हा प्रश्न शिकवतो. चार पानांची पद्धत आहे, कंटाळवाणी, पण पुस्तकात तीच. यांची मधली पायरी मला आकाशातून पडल्यासारखी वाटली, म्हणून मीच संशय घेतला. ती आकाशातून पडलेली नाही. ती या रेघेतून आलीये. ही रेघ काढली की सगळं समोरच दिसतं. चाळीस वर्षांत मला दिसली नाही ही रेघ.”

“आणि तारखेचं काय?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“लिहून घेऊन आलेल्या माणसाला उत्तर आधीच माहीत असतं. तो वर्गात बसून रेघ शोधत नाही. शोध या आकृतीत लागलाय, आणि हा कागद त्याच दिवसाचा आहे. पुढच्या दोन पुरवण्या या रेघेची लेकरं आहेत. त्यांच्यावर कुठली का तारीख असेना.”

निकाल तासाभरात झाला. सत्तावीस नंबरचा पेपर ग्राह्य. पर्यवेक्षकाला लेखी ताकीद, आणि यापुढे कुठल्याही परीक्षेला पर्यवेक्षणाचं काम देऊ नये. सरांनी ताकिदीच्या कागदावर सही केली. तारीख तेवढी दोनदा तपासून घातली.

बाहेर बाई अजून उभ्याच होत्या. “पेपर ग्राह्य धरला तुमचा,” सर म्हणाले. “आत जायची गरज नाही.”

बाई बाकावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, “त्यांना पटलं कसं?”

“ती रेघ सापडली. तुम्ही पुसलेली.”

बाईंचा चेहरा उतरला. चोरी उघडकीस आल्यावर उतरतो तसा. सरांना काही कळेना. “ती पुसलीत का?” त्यांनी विचारलं. सहा आठवडे हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता, आणि त्याचं एक उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं. मोठी माणसं काम झालं की खुणा ठेवत नसतील, असं काहीतरी.

“तुम्ही मागे उभे होतात म्हणून,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?” सरांनी विचारलं.

“हात तपासलेत, आणि मग मागेच येऊन उभे राहिलात. हलायलाच तयार नाही. मला धुलाईतल्या मुलींनी सांगितलं होतं, त्या केंद्रावर एक सर आहेत, ते मागे उभे राहिले की समजायचं, संपलं.” त्या खाली बघत होत्या. “ती रेघ पुस्तकात नाही. तुम्ही विचारलं असतं, ही कुठून आणली, तर मी काय सांगणार होते? कुठून आली ते मलाच माहीत नव्हतं. आधी कधी मला असं काही आलं नव्हतं. म्हणून पुसली. पुसली तरी दिसत होतीच मला, पुढचं सगळं तिच्याकडे बघूनच लिहिलं.”

जिन्यावरून कोणी बोलत खाली गेलं. सर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. ज्या रेघेसाठी त्यांचे डोळे भरून आले होते ती त्यांच्याच भीतीनं पुसली गेली होती, आणि ती पुसली म्हणूनच बाईंवर चोरीचा आळ आला होता. तारीख तर त्याला नुसतं निमित्त. एकतीस वर्षं ते किती जणांच्या मागे असे जाऊन उभे राहिले होते, त्याची मोजदाद नव्हती. पकडलेल्या कॉप्या खणात होत्या. त्यांना बघून काय काय पुसलं गेलं असेल, ते कुठल्याच खणात नव्हतं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी पकडायला उभा नव्हतो. म्हणजे आधी होतो. नंतर नव्हतो.”

“मग काय करत होतात?”

“बघत होतो. असं मी कधी पाहिलं नव्हतं, बाई. अजूनही मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण सहा आठवडे माझ्या डोळ्यांपुढून ते हललेलं नाही.” त्यांनी खिशातून समितीचं बोलावण्याचं पत्र काढलं, कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीसकट दोघांच्या मध्ये बाकावर ठेवलं. “मला समजावून सांगाल?”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “दोनला ड्युटी आहे,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास आहे.” त्यांनी कागद मांडीवर घेतला. वक्र आला, दोन रेघा आल्या. तिसरीसाठी पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. सरांनी वर पाहिलं. बाई त्यांच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

सरांनी मान फिरवली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. मागे कागदावर पेन्सिल सरकल्याचा आवाज आला, लांब, एका दमात, कडेपर्यंत गेलेला. ते हलले नाहीत.

“झालं, सर,” बाई म्हणाल्या. “आता बघा.”